रक्तातलं कल्याण

मुंबईच्या नावाचा एक रक्तगट आहे हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती छापून आली आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर झालं. पुढे शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं काही बदललं नाही.

पण आपल्या कल्याणच्या नावानेही रक्तातली एक गोष्ट जगाच्या वैद्यकीय यादीत नोंदलेली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? कल्याण म्हणजे जिथे कसाऱ्याची आणि कर्जतची लाईन वेगळी होते ते, खाडीकाठचं, दुर्गाडी किल्ल्याचं. त्या गोष्टीचं नाव ‘जी६पीडी कल्याण’. लहान बाळांच्या काविळीशी तिचा जवळचा संबंध आहे.

आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. फक्त थेट कल्याणला उतरता येणार नाही. वाटेत अमेरिकेतला एक तुरुंग लागेल, मुंबईतले पारशी लागतील, लंडनची एक प्रयोगशाळा लागेल. स्लो लोकल आहे म्हणा ना. बसायला जागा मिळाली असेल तर चला.

सुरुवात काविळीपासून. कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडतं, मग ते पित्तातून आतड्यात जातं आणि बाहेर पडतं. म्हणजे तीन टप्पे झाले: पेशी मोडणं, यकृतातली जोडणी आणि पित्ताची वाट. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तुंबलं की डोळे पिवळे. बाहेरून दिसणारं लक्षण एकच, आतली कारणं अनेक. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे सांगायला नको... स्क्रीनवर एरर एक आणि त्यामागे बग दहा.

नवजात बाळांत तर ही पंचाईत फारच मोठी. जन्मतः यकृताचं काम पूर्ण सुरू झालेलं नसतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी होतातच आणि बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. या गर्दीतच जन्मजात, वारशाने आलेली कारणं लपून बसतात. १९०१ साली पॅरिसच्या गिल्बर्ट यांनी त्यातलं एक सौम्य कारण वर्णन केलं. १९५२ मध्ये अमेरिकेत क्रिगलर आणि नज्जार या डॉक्टरांनी एक फार भयंकर कारण दाखवलं. त्यात यकृतातली ती जोडणी जवळजवळ होतच नाही. १९५४ मध्ये डुबिन आणि जॉन्सन यांनी तिसऱ्या टप्प्यावरचा बिघाड सांगितला. आणि पहिल्या टप्प्यावर, म्हणजे तांबड्या पेशीतच, गडबड असणारा जो मोठा गट आहे, त्यात आपलं कल्याण येतं.

यात धोका नक्की काय? बिलिरुबिन फारच वाढलं तर ते बाळाच्या मेंदूत शिरतं. श्मोर्ल या जर्मन डॉक्टरने १९०४ साली या अवस्थेला ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिलं, कारण मेंदूच्या आतले काही भाग त्याला पिवळे झालेले दिसले होते. यातून वाचलेल्या मुलाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, हातापायांवरचा ताबा जाऊ शकतो. एकदा झालं की परत फिरवता येत नाही. वेळेत ओळखलं तर मात्र निळ्या दिव्याखाली ठेवून, आणि अगदीच वेळ आली तर रक्त बदलून, हे जवळजवळ नेहमी टाळता येतं. म्हणजे सगळा खेळ ओळखण्याचा आणि वेळेचा आहे.

आता तुरुंगाकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैनिक मलेरियाने हैराण झाले होते. त्यावरच्या औषधांच्या चाचण्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर चालत. (कैदी ‘स्वखुशीने’ तयार झाले असं तेव्हा सांगितलं जाई. तुरुंगात स्वखुशी म्हणजे काय, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं चर्चेत राहिला आणि तो विचारायलाच हवा होता.) प्रायमाक्विन हे औषध दिल्यावर काही कैद्यांची, त्यातही कृष्णवर्णीय कैद्यांची, लघवी काळपट व्हायची, डोळे पिवळे पडायचे, रक्त झपाट्याने कमी व्हायचं. बाकीच्यांना काही नाही. औषध तेच, डोस तोच.

मग दोष औषधात, शरीरात की रक्तात? डर्न, बॉयटलर, आल्व्हिंग या मंडळींनी १९५४ च्या सुमारास एक सुरेख प्रयोग केला. त्रास होणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण लावली, त्या धडधाकट माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. खूण लावलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलटही करून पाहिलं, तर धडधाकट माणसाच्या पेशी त्रासवाल्याच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे बग पेशीच्या आतच. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो नेमका कुठे आहे ते सांगितलं: या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजेच जी६पीडी, नावाचं एन्झाईम कमी असतं.

हे एन्झाईम पेशीला गंजण्यापासून वाचवतं असं समजा. गंमत अशी की तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, म्हणजे नवीन एन्झाईम बनवण्याची सोयच नाही. निघताना जो डबा भरून मिळाला, तो १२० दिवस पुरवायचा. नेहमीच्या माणसाचा डबा पुरतो. ज्याच्यात दोष आहे त्याचा लवकर संपतो. म्हणून जुन्या पेशी सगळ्यात कच्च्या. एखादं औषध, एखादा जंतुसंसर्ग असा ताण आला की आधी त्या फुटतात.

आणि इथेच या गोष्टीतली खरी मेख आहे. त्याच कैद्यांवरच्या अभ्यासात दिसलं की औषध चालू ठेवलं तरी काही दिवसांनी पेशी फुटणं आपोआप थांबतं. का? कारण जुन्या कच्च्या पेशी संपल्या आणि त्यांच्या जागी नव्या, भरलेल्या डब्याच्या पेशी आल्या. आता यावेळी कोणी रक्त तपासलं तर एन्झाईम ठीकठाक दिसतं! म्हणजे झटक्याने स्वतःचाच पुरावा नष्ट केला. रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर निश्चिंत, आणि दोष जिथल्या तिथे.

आपल्याकडे काविळीवर माळ घालतात, ती आठवतेय? बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची, ती हळूहळू मोठी होत गळ्यात, मग खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते असा समज. काड्या सुकतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ वाढते. आणि बऱ्याचदा कावीळ खरंच उतरते, कारण ती तशीही उतरणारच होती. श्रेय माळेला. पुढच्या वेळी तेच औषध, तोच झटका, पुन्हा माळ. यात त्या घरच्यांना हसण्यासारखं काही नाही, कारण चुकीच्या दिवशी केलेली रक्ततपासणीही अशीच फसवते. फरक एवढाच की प्रयोगशाळेने आपण का फसतो हे शोधून काढलं.

आता मुंबई. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ए. जे. बक्षी, एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या लोकांची या एन्झाईमसाठी तपासणी केली आणि पारशी समाजात ही कमतरता ठळकपणे आढळत असल्याचं १९६३ मध्ये मांडलं. पुढे देशभर शोध सुरू झाले. लक्षात आलं की हा दोष जगात दुर्मीळ मुळीच नाही, ४० कोटींच्या आसपास माणसांत तो असल्याचा अंदाज दिला जातो. आणि तो प्रामुख्याने तिथेच आहे जिथे शतकानुशतकं मलेरिया होता. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये रक्ताच्या दुसऱ्या एका आजाराबाबत असा तर्क मांडला होता. १९६९ मध्ये लुझ्झातो या इटालियन शास्त्रज्ञाने नायजेरियात दाखवलं की जी६पीडी कमी असलेल्या पेशींत मलेरियाचे जंतू कमी सापडतात. म्हणजे एका संकटाशी लढताना दुसरा धोका पदरात पडला. भातखाचरं, मिठागरं, खाडीचं साचलेलं पाणी... ठाण्या-कल्याणच्या किनाऱ्याला मलेरियाची ओळख नव्याने करून द्यायला नको.

पण ‘एन्झाईम कमी आहे’ एवढ्याने भागत नव्हतं. ते किती कमी, कशा प्रकारे बिघडलेलं, हे माणसागणिक वेगळं निघत होतं. डीएनए वाचायची सोय तेव्हा नव्हती. मग एन्झाईमच वेगळं काढायचं, विजेच्या प्रवाहात ते किती वेगाने सरकतं ते पाहायचं, तापवल्यावर किती टिकतं, साखरेला किती घट्ट धरतं हे मोजायचं. वागणूक आधीच्या कुणाशीच जुळली नाही तर तो नवा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये या मोजमापांची पद्धत ठरवून दिली. आणि नाव? बहुतेक वेळा गावाचं. त्यामुळे ही यादी रेल्वेच्या टाईमटेबलसारखी दिसते. १९६८ मध्ये ‘केरळ’ आलं. आणि १९८४ मध्ये मुंबईच्या सी. एस. ईशवाड आणि एस. एन. नाईक यांनी एका कोळी कुटुंबात सापडलेला नवा प्रकार नोंदवला. त्याचं नाव, जी६पीडी कल्याण.

अशा करत करत यादी ४०० च्या वर गेली. सॉफ्टवेअरवाल्यांना इथे वास आला असेल. चारशे बग रिपोर्ट, आणि एकही कोड न वाचता, फक्त लक्षणांवरून लिहिलेला. डुप्लिकेट नसतील कसे?

१९८६ मध्ये या एन्झाईमचं जनुक हाती आलं आणि कोड वाचायला सुरुवात झाली. लुझ्झातो यांचा गट तोवर लंडनला होता. त्यांनी केरळ आणि कल्याण या दोन्ही प्रकारांचं जनुक वाचलं. १९९२ मध्ये निष्कर्ष छापून आला, त्या लेखकांत ईशवाड यांचंही नाव आहे. केरळ आणि कल्याण वेगळे नव्हतेच! दोन्हीत बदल तोच: ९४९ व्या जागी जी या अक्षराऐवजी ए. त्यामुळे ५१५ कड्यांच्या त्या प्रथिनाच्या साखळीत ३१७ वी कडी बदलते, ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं. पहिल्यावर ऋण विद्युतभार, दुसऱ्यावर धन, म्हणून विजेच्या प्रवाहात या एन्झाईमची चाल बदललेली दिसायची. दोन प्रयोगशाळांतली मोजमापं जराशी वेगळी पडली होती, एवढंच. तिकिटं मर्ज झाली आणि नाव पडलं ‘केरळ-कल्याण’. इतक्या लांबच्या दोन स्टेशनांना जोडणारी ही लाईन रेल्वेने टाकलेली नाही.

याच्या उलटही घडलं. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत सापडला म्हणून ‘मेडिटरेनियन’ म्हटलेला प्रकार भारतातही भरपूर आहे. बॉयटलर (हो, तुरुंगाच्या अभ्यासातलेच) आणि कुल यांनी १९९० मध्ये दाखवलं की जनुकातली शेजारची एक निरुपद्रवी खूण युरोपात आणि आशियात वेगळी आहे, म्हणजे तोच बदल दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला असावा. एकीकडे दोन नावं आणि बदल एक, दुसरीकडे नाव एक आणि उगम बहुधा दोन. लक्षणांवरून ठेवलेल्या नावांवर किती विसंबायचं ते यावरून समजावं.

परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००४ मध्ये भारतातला हिशोब मांडला: तपासलेल्या रुग्णांत मेडिटरेनियन ६०.४ टक्के, केरळ-कल्याण २४.५ टक्के आणि ओरिसा १३.३ टक्के. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या रुग्णात कल्याणचं नाव. आणि तीन अक्षरं तपासली की जवळपास सगळे रुग्ण सापडतात. चारशे नावांच्या यादीपासून तीन जागांपर्यंत! निदानासाठी याहून मोठी सोय कोणती?

आता बाळाकडे परत येऊ. सगळा दोष फुटणाऱ्या पेशींचाच असेल असं वाटत होतं, पण १९९७ मध्ये इस्रायलमधल्या कॅपलान आणि सहकाऱ्यांनी (त्यातही बॉयटलर!) वेगळंच चित्र दाखवलं. जी६पीडी कमी असलेल्या ज्या बाळांना वर सांगितलेला गिल्बर्टचा सौम्य दोषही मिळाला होता, त्यांच्यातच कावीळ जोरात वाढत होती. एकटा दोष फारसा त्रास देत नव्हता, दोन्ही मिळाले की बिघडत होतं. ज्यांनी कधी दोन निरुपद्रवी मोड्यूल एकत्र चालवून सर्व्हर पाडलाय त्यांना हे लगेच पटेल :)

आणि तिसरा भिडू घरातच असतो. आपल्याकडे नव्या बाळाला आधी जुने, मऊ कपडे घालतात. थोरल्या भावंडांची झबली, टोपरी, आजीच्या साडीची दुपटी. ती वर्षानुवर्षं ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या सोबतीने. या गोळ्यांतलं नॅप्थलिन श्वासातून आणि त्वचेतून बाळाच्या अंगात जातं. जी६पीडी कमी असलेल्या बाळांच्या पेशी त्याने फुटतात, हे ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय. प्रेमाने जपून ठेवलेल्या कपड्यांतून हे व्हावं याचं वाईट वाटतं, पण उपाय फुकट आहे. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच. (परदेशात या दोषाला ‘फावा बीन’चा दोष म्हणतात. बिरड्याचे वाल ही वेगळी वनस्पती आहे, तेव्हा बिरडं सुखाने खा.)

मग आपण काय करायचं? एक म्हणजे वेळ. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत घरी जातात आणि कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे नेमकी आजोळी पोचल्यावर. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून घरी गेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं असेल तर ते टाळायचं नाही. कोवळ्या उन्हात धरण्यावर विसंबून तर मुळीच नाही. सूर्यप्रकाशाने बिलिरुबिन उतरतं हे इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या सिस्टर वॉर्ड यांनी १९५६ मध्ये हेरलं होतं आणि निळ्या दिव्याचा उपचार त्यातूनच आला. पण दिव्याचा डोस मोजता येतो, खिडकीतल्या उन्हाचा नाही.

दुसरं, तपासणी कधी केली ते रिपोर्टवर बघा. पेशी फुटत असताना किंवा बाळाला रक्त दिल्यानंतर लगेच केलेली एन्झाईमची तपासणी नॉर्मल आली तर ती शेवटची समजू नका. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा. जनुकाच्या तपासणीला ही अडचण नाही. झटक्याने पेशी जातात, अक्षर जात नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलाला ते आईकडून येतं. आई स्वतः बहुतेक वेळा ठणठणीत असते. घरात मात्र ‘हिने गरोदरपणात काहीतरी खाल्लं असेल’ इथपर्यंत चर्चा जाते. ९४९ व्या अक्षराला पपई, अंडी किंवा ग्रहण यांपैकी कशाने फरक पडत नाही. तो बदल तिच्याही आधी कित्येक पिढ्या चालत आलाय, आणि कदाचित त्यानेच त्यातल्या काहींना मलेरियातून तारलंय. तेव्हा ठपका ठेवण्याऐवजी बाळाच्या मामाला विचारा, मलेरियाच्या गोळ्यांनी कधी लघवी काळी झाली होती का. मावशीच्या मुलांची तपासणी करून घ्या. मुलींमध्ये अर्ध्या पेशी चांगल्या, अर्ध्या कमकुवत असं मिश्रण असू शकतं, त्यामुळे साधी तपासणी त्यांच्याबाबत चकवते, हेही डॉक्टरांशी बोला.

आणि दोष निघालाच तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक माणसं सगळं आयुष्य नीट काढतात. फक्त फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘जी६पीडी कमी’ लिहून ठेवायचं आणि मलेरियाचं प्रायमाक्विन किंवा डॅप्सोनसारखं औषध कुणी लिहून दिलं की आधी ते पान दाखवायचं. त्या कोळी कुटुंबाने १९८४ च्या आधी कधीतरी हात पुढे करून थोडं रक्त दिलं, म्हणून आज ते पान लिहिता येतंय. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत, गावाचं तेवढं राहिलं.

असो. लांबलंच थोडं. पुढच्या शनिवारी भेटू.